पाचवीच्या आधी: वेगळ्या गतीने शिकणाऱ्या मुलासाठी गोव्यातल्या शाळेत काय करावे, कसे करावे

गोव्यातल्या मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाची अडचण बहुधा पाचवीत उघडी पडते. चौथीपर्यंत शाळा गावातली, वर्गात मोजकी मुले, बाईंना प्रत्येकाचे घर ठाऊक. घरी कोकणी, शाळेत मराठी, आणि दोन्हींची सरमिसळ कुणाला खटकत नाही. इंग्रजी पहिलीपासून असते, पण एक विषय म्हणून. पाचवीला मूल हायस्कुलात जाते आणि गणित, विज्ञान, समाजशास्त्र सगळे इंग्रजीतून सुरू होते. दर तासाला शिक्षक बदलतो, फळा भरतो आणि पुसला जातो. ज्या मुलाला वाचन-लेखनात मुळातच अडथळा आहे, जे मूल स्वमग्न आहे किंवा ज्याला कमी ऐकू येते, त्याच्यावर हे सारे एकाच वर्षी कोसळते. सहामाहीचा निकाल लागला की पालकांना बोलावणे जाते, आणि तिथून धावपळ सुरू होते.

ही धावपळ दोन वर्षे आधी, शांतपणे करता येते. विशेष शिक्षिका म्हणून माझे सगळे सांगणे एवढ्यावरच उभे आहे: काम तिसरीत सुरू करा, आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हातात येईपर्यंत मदत रोखून धरू नका. पुढच्या पायऱ्या शिक्षक आणि पालक या दोघांसाठी लिहिल्या आहेत, कारण एकट्याने केलेले अर्धेच राहते.

पहिली पायरी: शंका आली की वही उघडा

“अभ्यासात कच्चा आहे” या वाक्याने कुणालाच काही कळत नाही. मूल नेमके कुठे अडते, ते तारीख घालून लिहा. तीन-चार आठवड्यांच्या नोंदी पुरतात. फळ्यावरून उतरवताना ओळ सुटते का? वाचताना पहिले अक्षर पाहून पुढचा शब्द अंदाजाने म्हणतो का? घ-ध, भ-म, प-ष यांची गल्लत तिसरीच्या शेवटीही तशीच आहे का? वेलांटी कोणत्या बाजूला द्यायची, रफार कुठे बसवायचा, जोडाक्षर कसे फोडायचे, इथे हात थांबतो का? तोंडी विचारले तर गोष्ट पूर्ण सांगतो आणि लिहायला दिले तर दोन ओळींवर संपवतो का? ही तोंडी आणि लेखी यांतली दरी सगळ्यांत महत्त्वाची नोंद आहे.

गोव्यात इथे एक काळजी घ्यावीच लागते. मूल “मी शाळेत वचतो” (म्हणजे जातो) असे लिहिते, “केलें” वर अनुस्वार देते, शब्दाचे लिंग बदलते. ही घरची कोकणी मराठीत उतरलेली आहे, ती अध्ययन अक्षमता (समज चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणारा मूळचा अडथळा) नव्हे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही चांगल्या वाचणाऱ्या मुलांकडून होतात, त्यांवरून निष्कर्ष काढू नका. खात्री करायची सोपी रीत म्हणजे तोच धडा कोकणीतून सांगून कोकणीतूनच प्रश्न विचारणे. उत्तरे चोख आली आणि वाचन मात्र अडखळतच राहिले, तर अडचण लिपी आणि ध्वनी जोडण्यात आहे. कोकणीतही समजत नसेल, सोप्या सूचना पाळताना गोंधळ होत असेल, तर तपासाची दिशा वेगळी असते.

या नोंदी नंतर मानसतज्ज्ञाच्या टेबलावर जातात, तेव्हा मुलाची मूळ वही फेअर करून देऊ नका. खोडाखोड तशीच राहू द्या. तपासणाऱ्याला नेमकी तीच हवी असते.

दुसरी पायरी: डोळे, कान आणि घरच्यांशी बोलणे

मानसशास्त्रीय चाचणीच्या आधी दृष्टी आणि श्रवण तपासून घ्या. हा क्रम उलटा झाला तर महिने वाया जातात. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचे आरोग्यपथक शाळेत येते, त्या दिवशी अशा मुलाचे नाव आधीच लिहून तयार ठेवा, नुसते रांगेत उभे करू नका. पुढच्या तपासणीसाठी उत्तरेत म्हापशाचे जिल्हा इस्पितळ आणि दक्षिणेत मडगावचे जिल्हा इस्पितळ आहे. कानात साचलेला मळ किंवा वारंवार होणारा स्राव एवढ्यानेही मूल वर्गात “लक्ष देत नाही” असे दिसू शकते.

घरच्यांशी बोलणे हे मला या साऱ्यातले सर्वांत नाजूक काम वाटते. मुलाला जे येते तिथून सुरुवात करा, आणि शक्य असेल तर घरच्या भाषेत: “तुमच्या भुरग्याक सगळें समजता. सांगता तें बरें सांगता. फकत बरोवंक गेल्यार अडखळटा.” (तुमच्या मुलाला सगळे समजते. सांगते ते चांगले सांगते. फक्त लिहायला गेले की अडखळते.) हे इतर पालकांसमोर, पालकसभेत बोलू नका. आई एकटी आली असेल तर पुढच्या वेळी वडिलांनाही बोलवा, कारण घरी गेल्यावर “त्याचा बापूसही उशिराच वाचायला शिकला” असे आजी म्हणते आणि विषय मिटतो. आजीला दुखवायचे कारण नाही. वाचनातल्या अडचणी घराण्यात चालत येतात हे खरेच आहे, म्हणून तिचे वाक्य नोंदीत लिहून घ्या.

तिसरी पायरी: तपासणी

केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार विशिष्ट अध्ययन अक्षमतेसाठी शिक्षकांनी मुलांची प्राथमिक चाळणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी, यांतले जे आधी येईल तेव्हा करायची असते. ही जबाबदारी सरकारी आणि खासगी दोन्ही शाळांची आहे, आणि मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शाळेत त्यासाठी समिती असायला हवी. प्रमाणपत्रही आठ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळते. म्हणजे कायद्यानेच तिसरीचे वर्ष आपल्या हाती दिले आहे.

बौद्धिक क्षमता आणि अध्ययन यांच्या चाचण्यांसाठी बांबोळीला जावे लागते म्हटले की काही पालक दचकतात. आयपीएचबीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी मानसोपचार संस्थेच्या, फाटकातून आपल्या मुलाला आत नेताना कुणी ओळखीचे बघेल, ही भीती खरी असते. तिला हसू नका. तिथे चिकित्सक मानसतज्ज्ञ आहेत म्हणून तिथे पाठवतात, एवढे आधीच समजावून सांगा, आणि पहिल्या खेपेला शाळेतले कुणी सोबत गेले तर फार फरक पडतो. बालविकासाच्या क्षेत्रात पर्वरी भागातील ‘सेतू’सारख्या विश्वस्त संस्थेतही तज्ज्ञांकडून असे मूल्यमापन होते.

तपासणीला जाताना फाईलमध्ये जन्माचे कागद, लसीकरण कार्ड, मागच्या वर्षांची प्रगतिपुस्तके, डोळ्यांचा व कानांचा अहवाल, शिक्षकांच्या नोंदी आणि दोन मूळ वह्या ठेवा. मग एक प्रश्न आवर्जून विचारा: चाचणी कोणत्या भाषेत होणार? मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाचे वाचन मराठीतच तपासले पाहिजे आणि सूचना त्याला कळणाऱ्या कोकणीत मिळाल्या पाहिजेत. पाचवीत येऊन तीन महिने झालेल्या मुलाचे इंग्रजी वाचन तपासून निघालेला निष्कर्ष मी तरी ग्राह्य धरणार नाही.

अहवाल हातात आला की पालक आधी आकडा पाहतात. शिफारशींचे शेवटचे पान आधी वाचा. शाळेत नेमके काय बदलायचे ते तिथे लिहिलेले असते, आणि ते पान वर्गशिक्षकांकडे पोहोचले नाही तर अख्खी तपासणी कपाटात पडून राहते.

चौथी पायरी: प्रमाणपत्र, त्याचा उपयोग आणि त्याच्या मर्यादा

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारच्या अक्षमता आहेत. त्यांत ऑटिझम (स्वमग्नता), बौद्धिक अक्षमता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), विशिष्ट अध्ययन अक्षमता हे सारे येते. एडीएचडी, म्हणजे अतिचंचलता आणि अवधानाची अडचण, त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. अशा मुलाला सोबत अध्ययन अक्षमताही आहे का, हे म्हणून नीट तपासून घ्यावे लागते. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अक्षमता प्रमाणित झाली की कायद्यातल्या बहुतेक खास तरतुदी लागू होतात. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा, आणि मग युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, मिळते.

अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा करून घ्यावे लागते, असे २०१८ चीच तत्त्वे सांगतात. चौदावे वर्ष साधारण नववीत येते, दहावीच्या अर्जांच्या अगदी तोंडावर. आठवी संपली की लगेच वेळ मागून ठेवा.

ऑटिझम, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमासंरक्षण मिळते आणि त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो. समग्र शिक्षा अभियानातून साहाय्यक साधने मिळतात, मुलींना भत्ता मिळतो. शाळेने त्या मुलाची नोंद विशेष गरजा असलेले मूल म्हणून केलेली नसेल तर यातले काही पोहोचत नाही. ती नोंद झाली आहे का, हे मुख्याध्यापकांना थेट विचारा.

फळ्याजवळ बसवायला, तोंडी उत्तर ऐकून घ्यायला, अक्षर मोठे छापून द्यायला मात्र कोणतेही कार्ड लागत नाही.

पाचवी पायरी: एका पानाची योजना

वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक आणि पालक यांनी एकदा तरी एका टेबलावर बसायला हवे. पाचवीपासून पुढे मुलालाही बसवा. बैठकीतून दहा पानांचा आराखडा निघाला तर तो कुणी वाचत नाही, म्हणून एक पान, आणि त्यावर तीनच उद्दिष्टे.

समजा चौथीतला मुलगा आहे, वाचन दुसरीच्या पातळीचे, गणिताची तोंडी समज उत्तम. त्याच्या पानावर असे येईल: गणेशचतुर्थीच्या सुट्टीपर्यंत साध्या जोडाक्षरांचे वीस शब्द न अडखळता वाचणे, गणिताचे शाब्दिक उदाहरण बाईंनी किंवा मित्राने वाचून दाखवायचे, सोडवायचे त्याने, परिसर अभ्यासाची चाचणी निम्मी तोंडी. त्याखाली कोण काय करणार ते लिहा: घरी रोज दहा मिनिटे आई मोठ्याने वाचेल आणि तो बोट ठेवून मागून जाईल, शाळेत परिपाठानंतर दहा मिनिटे अक्षरकार्डे. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा बसा. एखादे उद्दिष्ट जमले नसेल तर आधी ते लहान करा, मुलाला जास्त वेळ डांबून ठेवू नका.

सहावी पायरी: वर्ग

आमच्या प्राथमिक शाळांत पटसंख्या कमी, आणि एकाच खोलीत दोन-तीन वर्ग बसतात. ही त्रुटी म्हणून मोजली जाते. पण अशा खोलीतली शिक्षिका पहिलीला बाराखडी देऊन तिसरीला भागाकार शिकवतेच. वेगवेगळ्या पातळीवर एकाच वेळी शिकवण्याचा सराव तिच्याइतका कुणालाच नसतो. चौथीतले मूल वाचनापुरते दुसरीच्या गटात आणि गणिताला आपल्या गटात बसले, तर तिथे कुणाला नवल वाटत नाही. ही सोय ओळखून वापरा.

वाचनाची अडचण असलेल्या मुलाला मोठ्याने वाचायला अचानक उभे करू नका. आदल्या दिवशी परिच्छेद ठरवून द्या, घरी वाचून येऊ द्या. फळ्यावरचे उतरवून घेण्यात त्याचा सगळा तास जातो, तेव्हा टिपणाची छापील किंवा मित्राच्या वहीची प्रत द्या. शुद्धलेखनाचे गुण आणि विषयाचे गुण वेगळे ठेवा: “पश्चिम घाट” चुकीचा लिहिला तरी नकाशावर जागा बरोबर दाखवली असेल, तर भूगोल त्याला येतो.

स्वमग्न मुलाला दिवस आधीच दिसला पाहिजे. भिंतीवर चित्रांचे वेळापत्रक लावा, घंटा होण्यापूर्वी पाच मिनिटे त्याला सांगा, वेळापत्रक बदलणार असेल तर सकाळीच सांगा. मधल्या आहाराला पाव-भाजी आली आणि मूल भाजीला शिवत नसेल, तर ते हट्ट करते असे समजू नका. वास आणि ओलसर स्पर्श त्याला खरोखर सोसत नाही. पाव वेगळा द्या, भाजी बाजूला. शिगम्याच्या दिवसांत ढोल-ताशे, स्नेहसंमेलनाला स्पीकर, हे आवाजही असेच. संमेलनातून मुलाला वगळणे हा त्यावरचा उपाय नव्हे. कान झाकणारे हेडफोन द्या, रंगमंचापासून दूर पण सगळ्यांबरोबर बसायची जागा द्या, आणि छोटीशी भूमिका मात्र जरूर द्या. गर्दीत गोंधळणाऱ्या मुलासाठी बालरथात (शाळेच्या बसमध्ये) चालकामागची ठरावीक जागा राखून ठेवली तर सकाळचा अर्धा त्रास कमी होतो.

पावसाळा हा आपल्याकडे वेगळाच विषय. जून-जुलैत पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळतो तेव्हा चांगल्या कानाच्या मुलांनाही बाई ऐकू येत नाहीत, मग श्रवणयंत्रवाल्या मुलाला सगळा गोंगाटच मोठा होऊन ऐकू येतो. त्या वेळात शिकवणे थांबवून लेखी काम द्या, महत्त्वाची सूचना फळ्यावर लिहा, मुलाकडे तोंड करून बोला. दमट हवेने श्रवणयंत्र बिघडते, तेव्हा रात्री ते सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या बंद डबीत ठेवायला घरी सांगा आणि एक जादा बॅटरी बाईंच्या कपाटात ठेवा.

चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्पचा उतार एकास बारा हवा. शाळेसमोर तीन पायऱ्या असून उंची ४५ सेंटिमीटर भरत असेल, तर रॅम्प जवळपास साडेपाच मीटर लांब लागतो. त्याहून आखूड बांधलेला रॅम्प मूल एकटे चढू शकत नाही. चिऱ्यांच्या शाळांत पावसात रॅम्पवर शेवाळ धरते, म्हणून पृष्ठभाग खडबडीत हवा, कठडा हवा आणि दर आठवड्याला घासणारे कुणीतरी नेमलेले हवे. शौचालयाचे दारही मोजा. रॅम्प आहे पण खुर्ची शौचालयात शिरत नाही, अशा शाळेत मूल दिवसभर पाणी पीत नाही.

सातवी पायरी: चौथीतून पाचवीत

चौथीच्या दुसऱ्या सत्रातच ज्या हायस्कुलात मूल जाणार आहे तिथे पालकांनी आणि वर्गशिक्षिकेने एकत्र जाऊन यावे. अहवालाची प्रत, एका पानाची योजना आणि बाईंचे हाताने लिहिलेले अर्धे पान द्यावे: या मुलाला काय आवडते, राग आला की काय केल्याने शांत होतो, मित्र कोण. नव्या शिक्षकांना त्याचाच सर्वाधिक उपयोग होतो. मुलाला एकदा मोकळ्या शाळेत फिरवून आणा. वर्ग, शौचालय, पाण्याची जागा, बालरथ कुठे थांबतो, हे पायाखालून जाऊ द्या. तिथल्या एका शिक्षकाला मुलाचा आधार म्हणून नेमून घ्या. गोवा शिक्षण विकास महामंडळाचे समुपदेशक हायस्कुलांत जातात, त्यांनाही पहिल्याच महिन्यात भेटा.

सुट्टीत इंग्रजी व्याकरणाचे पुस्तक समोर ठेवू नका. गणित-विज्ञानातले पन्नास-साठ शब्द नुसते कानावर पडू द्या: अॅड, सबट्रॅक्ट, लीफ, रूट, सॉलिड, लिक्विड. संकल्पना त्याला मराठीत माहीत आहे, फक्त नाव नवे आहे. पाचवीच्या पहिल्या सत्रात उत्तर कोकणीत किंवा मराठीत सांगितले तरी ग्राह्य धरावे, अशी विनंती लेखी करा. बहुतेक शिक्षक ती मानतात.

“आमच्याकडे सोय नाही, दुसरीकडे बघा” असे उत्तर मिळाले तर भांडू नका, ते लेखी द्यायला सांगा. सरकारी, अनुदानित व मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी कराव्यात, हे २०१६ च्या कायद्याच्या कलम १६ मध्ये आहे. कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा अधिक अक्षमता असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. आधी भागशिक्षणाधिकारी, मग शिक्षण खाते, आणि तिथेही दाद लागली नाही तर पणजीतील राज्य दिव्यांगजन आयुक्तांचे कार्यालय. प्रत्येक अर्जाची पोच घ्या.

कलम ३१ मधला ‘पसंतीचा’ हा भाग मी गंभीरपणे घेते. ढवळीचे लोकविश्वास प्रतिष्ठान, पर्वरीचे संजय स्कूल, डिचोलीची केशव सेवा साधना यांच्या शाळांत अनेक मुले आनंदाने शिकतात. गरज मोठी असेल, दिवसभर थेरपी आणि देखरेख लागत असेल, तर तो निर्णय कुटुंबाने मोकळ्या मनाने घ्यावा. नेहमीच्या शाळेने हात झटकले म्हणून मात्र तो घ्यावा लागू नये.

आठवी पायरी: परीक्षा

कायद्याच्या कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. लेखी परीक्षांसाठीच्या केंद्र सरकारच्या २०१८ च्या सूचनांत तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ सांगितला आहे. गोवा मंडळाकडे अर्ज शाळेमार्फत जातो. मंडळाचे त्या वर्षीचे परिपत्रक नववीतच मुख्याध्यापकांकडून मागून वाचा आणि मुलाला लागणारी प्रत्येक सवलत त्यात कोणत्या नावाने आहे ते अर्जात तसेच लिहा.

लेखनिक मिळाला म्हणजे काम झाले, असा समज पुष्कळ घरांत असतो. दुसऱ्याला उत्तर सांगून लिहवून घेणे ही वेगळीच सवय आहे. मूल भराभर सांगते, लेखनिक मागे पडतो, मूल गोंधळते. आठवीपासून घटक चाचण्यांत सराव करा: आधी मुद्दे मनात, मग एक वाक्य, थांबा, लिहून झाले की पुढचे. गणितात चिन्हे आणि कंस कसे सांगायचे तेही ठरवून घ्या. काही मुलांना लेखनिक नकोच असतो, त्यांना फक्त प्रश्न वाचून दाखवणारा आणि जादा वेळ हवा असतो. कोणते बरे ते मुलालाच विचारा, त्याला चांगले माहीत असते.

हायस्कुलातली घुसमट फारच झाली तर एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, मार्ग आहे. विषय कमी, ते टप्प्याटप्प्याने देता येतात. पण शाळा सुटली की मित्रही सुटतात, म्हणून मी तो शेवटी सुचवते, आणि सुचवताना मूल दिवसभर कुठे, कुणाबरोबर असणार हे आधी विचारते.

दहावीनंतर तीच फाईल, तीच एका पानाची योजना उच्च माध्यमिकमध्ये घेऊन जा, कारण तिथे पुन्हा सगळे शिक्षक नवे असतात. बारावीनंतर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ४० टक्के किंवा अधिक अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि वयाच्या अटीत पाच वर्षांची सूट आहे. अर्जाच्या वेळी प्रमाणपत्राची मुदत संपलेली निघाली तर जागा हातची जाते, आणि अठराव्या वर्षीची फेरतपासणी नेमकी त्याच महिन्यांत येते. अकरावी संपताना बांबोळीची तारीख घेऊन ठेवा.